वाफेतलं मीठ

१९ मे, मंगळवार

पळी वर काढली, वाफ नाकाशी घेतली आणि थांबलो. पुन्हा घेतली. डाळ शिजल्याचं कळलं, हिंग कळला, चिंच कळली. मीठ कळलं नाही.

मिठाला वास नसतो हे मलाही माहीत आहे. वडिलांनी शिकवलं ते वेगळं होतं. मठात नैवेद्य दाखवेपर्यंत आचाऱ्याने काही चाखायचं नाही. जिभेला लागलं की ते उष्टं. तोवर चहापाण्यापलीकडे तो स्वतःही उपाशी. म्हणून वाफ घ्यायची आणि आपल्या तोंडाकडे लक्ष ठेवायचं. मीठ बराबर असेल तर जिभेखाली पाणी सुटतं. कमी असेल तर नुसता वास येतो. जास्त झालं तर घसा आवळतो. वडिलांनी यावर हयात काढली, आणि त्यांच्यामागे मीही काढतो आहे.

आज तोंड कोरडं राहिलं. चुलीवरच्या गंजात मिठाची आणखी एक मूठ टाकावी असं वाटलं, पण भरवसा वाटेना. हाताच्या सवयीने जेवढं पडलं होतं तेवढ्यावर सोडलं. नैवेद्य गेला. पंगत बसली, उठली. कोणी काही बोललं नाही.

हिंगोलीच्या डॉक्टरबाईंनी खाल्लेलं लिहून ठेवायला सांगितलं आहे, म्हणून हे लिहिणं सुरू केलं. सकाळी अर्धा कप चहा. दुपारी चार घास भात. संध्याकाळी काही नाही. लागलंच नाही.

२१ मे, गुरुवार

अधिक महिना चालू आहे, त्यामुळे पंगत रोजच मोठी, गुरुवारी आणखी. शिरड शहापूरकडून टेम्पो भरून माणसं आली. वांग्याची भाजी, वरण, भात, कढी. मीठ आजही हातानेच घातलं.

पानावर पहिल्यांदा मीठ वाढतात, डाव्या हाताला, चिमूटभर. बहुतेकांचं ते तसंच राहतं. आज बंडू मिठाचं भांडं घेऊन दुसऱ्यांदा फिरला, मग तिसऱ्यांदा. उन्हाळा आहे. घाम जातो, माणसाला मीठ लागतं.

बंडू माझा धाकटा भाऊ. मठातलं वाढप आणि लाकूड-पाणी त्याच्याकडे, चूल माझ्याकडे. एका आईच्या हातचं एका ताटात जेवलो. तो काडी राहिला, मी रांजण झालो. आता डॉक्टरबाईंची दर रविवारची सुई सुरू झाल्यापासून रांजण रिकामा होतो आहे. सदरा खांद्यावरून उतरतो.

तांड्यावरचा भावसिंग लाकडाची गाडी घेऊन आला होता. जेवून उठला आणि मला खालून वरपर्यंत बघत म्हणाला, "महाराज, अर्धा आचारी कुठं ठेवून आले?" मी हसलो. जेवण कसं झालं विचारलं. "परसादाला नाव ठेवत न्हाईत," तो म्हणाला आणि बैलांकडे गेला.

मला बरं वाटलं.

२३ मे, शनिवार

हिंगोलीला गेलो. डाव्या अंगठ्याची जखम होळीपासून ओली होती, ती वाळत आली आहे. साखर उतरली, वजन उतरलं. डॉक्टरबाईंचं नाव प्रियंका; वयाने माझ्या पुतणीसारख्या. खूश होत्या. सुईची मात्रा मागच्या वेळी वाढवली होती, तीच चालू ठेवा म्हणाल्या.

मी विचारलं, आम्ही दोघं भाऊ एकच अन्न खातो, मग एक असा आणि एक तसा का. त्यांनी जुन्या कागदाच्या पाठीवर पोट काढलं, आतडं काढलं, वर डोकं काढलं. पोट रिकामं झालं की त्यातून एक हार्मोन रक्तात जातं आणि मेंदूला सांगतं, खा. जेवण आतड्यात उतरलं की तिथून दुसरी निघतात, ती सांगतात, पुरे. अंगातली चरबीसुद्धा निरोप पाठवत असते, साठा आहे, घाई नाही. हे सगळ्यांत असतं, पण सगळ्यांना सारखं ऐकू येत नाही. काहींना 'खा' मोठ्याने ऐकू येतं आणि 'पुरे' उशिरा, तेही कुजबुजल्यासारखं. यातलं बरंचसं जन्मतः ठरलेलं असतं. त्यातून एखाद्याचं शरीर बसल्या जागीही जास्त जाळतं. बंडूचा पाय झोपेतसुद्धा हलतो, असं मी सांगितलं. त्या हसल्या, म्हणाल्या, तेही धरा. या सुईत 'पुरे'ची नक्कल आहे.

मग कागद बाजूला सारून म्हणाल्या, "काका, तुम्ही हावरट नव्हता. तुम्हाला खरंच भूक लागत होती."

एसटीत खिडकीशी बसलो. औंढ्यापर्यंत बाहेर काय गेलं ते पाहिलं नाही. आजवर मला वाटत होतं की भूक सगळ्यांना एवढीच लागते आणि बाकीचे आवरतात. लहानपणी मला शेवटच्या पंगतीला बसवायचे, म्हणजे उरलं असेल तेवढंच खाईन. मामा मला पाहुण्यांसमोर खायला लावून दाखवायचे. पाहुणे मोजायचे. मीही मोजू द्यायचो, कारण त्या वेळी कोणी थांबवत नसे.

वडिलांचंही असंच. त्यांचा आधी अंगठा गेला, मग पाय गुडघ्यापासून गेला. शेवटी खाटेवर पडल्या पडल्या ते स्वयंपाकघरातल्या वाफेवरून आईला मीठ सांगायचे. कधी चुकले नाहीत.

निघताना डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, आणखी काही तकलीफ? न्हाई म्हटलं. मठातल्या वाफेचं त्यांना काय सांगायचं.

२४ मे, रविवार

सुई घेतली. बेंबीच्या डावीकडे. माझी बायको प्रेमा नेहमीप्रमाणे तोंड फिरवून उभी राहिली. तिला सुई बघवत नाही.

मला मिठाचाच संशय येतो. कोठीत नव्या पोत्यातलं बारीक मीठ आलं आहे. ते काढून ठेवलं आणि खडेमीठ मागवलं. वडील खडेमीठच वापरायचे.

२६ मे, मंगळवार

खडेमीठ वापरून पाहिलं. काही फरक नाही. तोंड कोरडं.

२७ मे, बुधवार, एकादशी

एकादशी मला कधीच नीट जमली नाही. दहा वाजेपर्यंत हात थरथरायचे, मग साबुदाणा, मग पुन्हा भगर, मग रताळं, आणि रात्री द्वादशीची वाट. आज सकाळपासून पाणी प्यायलो. दुपार कधी झाली कळलं नाही. रुख्मिणीबाई, म्हणजे मठाचा कारभार बघणाऱ्या, त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं, अनिरुद्धचा उपास बघा, नाहीतर आपले.

मान खाली घातली. हा उपास देवाकडे पोचतो का, माहीत नाही. मी काही सोडलंच नव्हतं.

घरी आलो तर प्रेमा चुलीपाशी नुसती बसली होती. लग्न झाल्यापासून सकाळी उठलो की मी पहिलं विचारायचो, आज काय करणार. बरेच दिवस विचारलं नाही, असं तिने सांगितलं. रागाने नाही. वरण केलं तरी तेवढंच, पिठलं केलं तरी तेवढंच, मग मी मनात काय धरून करू, असं म्हणाली.

२८ मे, गुरुवार

घरी आल्या आल्या लिहायला बसलो.

नैवेद्य दाखवून झाला, आरतीला सगळे पुढे गेले. माझा पंचा मागे राहिला होता म्हणून परत आलो. बंडू वरणाच्या गंजावर वाकला होता. मुठीत मीठ. त्याने टाकलं, ढवळलं, पळीतलं थेंबभर तळव्यावर घेऊन चाटलं, आणखी टाकलं. मग कढीकडे वळला. मी दाराआड उभा राहिलो. नैवेद्य झाला होता, तेव्हा चाखणं उष्टं नाही. तरी माझ्या रांधलेल्यात हात घालायचा अधिकार त्याला कोणी दिला?

जेवणं झाल्यावर तो ओसरीवर रुख्मिणीबाईंशी बोलत होता. मी जवळ गेलो तसे दोघं गप्प झाले. बंडूने उगाच पाण्याची बादली उचलली.

विश्वस्तांत कोणीतरी वसमतच्या केटररचं नाव काढलं होतं, हे मला ठाऊक आहे. गॅसवर, मोठ्या कढयांत, चाखून करणारा माणूस. रुख्मिणीबाईंनी तेव्हा म्हटलं होतं, समाप्तीपर्यंत थांबा. अधिक महिन्याची समाप्ती अमावस्येला. त्या दिवशी पुरणाचा नैवेद्य असतो आणि जिल्हाभरातून माणूस येतो. त्या जेवणावर ठरेल.

आता वाटतं, केटररचं निमित्त असेल. बंडूलाच मठ हवा असेल. त्याने माझ्या मागे उभं राहून जन्म घालवला. हवासा वाटला तर नवल नाही. पण मठ गेला तर मी कुठे जाऊ? लग्नाकार्याचं काम मी कधी केलं नाही. मला फक्त उपाशीपोटी, न चाखता रांधता येतं.

३० मे, शनिवार

प्रेमाला म्हटलं, दोन वाट्या गरम वरण आण. एकात मीठ घाल, एकात नको. कोणतं कोणतं ते सांगू नको.

डोळे मिटून दोन्हींची वाफ घेतली. ती पदर तोंडाला लावून उभी होती, तिला हसू येत होतं. मी डावीकडची म्हटलं. चूक. तिने वाट्या अदलाबदल केल्या, पाठीमागे नेऊन पुन्हा आणल्या. पुन्हा चूक. तिसऱ्यांदा मी नुसतं अंदाजाने बोललो आणि बरोबर आलं. तोवर तिचं हसणं थांबलं होतं.

"सुई लागली तवापासून तुमी माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवलं न्हाई," ती म्हणाली. "मला वाटलं, माणूस सुधरला."

मग मी दिवस मोजले. मात्रा वाढवली आणि वाफ गेली. मीठ तेच आहे. पोतं उगाच बदललं.

बाहेर जाऊन डॉक्टरबाईंना फोन लावला. वाफेचं सांगितलं, कसं सांगितलं ते आठवत नाही. त्या ऐकून घेत होत्या. म्हणाल्या, भूक उतरली की वासाची ओढही उतरते, असं होऊ शकतं. पण सुई आपल्या मनाने बंद करू नका. वजन उतरलं की शरीराला दुष्काळ पडल्यासारखं वाटतं, ते जाळणं कमी करतं आणि भुकेचा आवाज वाढवतं. सुई थांबली तर गेलेलं सगळं वसूल करायला बघतं. सोमवारी या, मात्रा कमी करून बघू, पायही दाखवा.

येतो म्हटलं.

३१ मे, रविवार

प्रेमाने तोंड फिरवलं. मी सुईतलं औषध मोरीत सोडलं आणि पोटावर कापूस धरला.

तिला वाटतं घेतली. सोमवारी हिंगोलीला जाणार नाही. मात्रा कमी करून बघायला दिवस कुठे आहेत? समाप्ती तोंडावर आली. एकदा समाप्ती पार पडली की पुन्हा सुरू करीन.

६ जून, शनिवार

अजून नाही. वाफ नुसती गरम लागते. बंडू रोज आरतीच्या वेळी मागे राहतो. मी रोज बघतो आणि बोलत नाही. बोललो तर तो विचारेल, तुला का कळत नाही.

भूक नाही आणि मीठही नाही. दोन्ही बाजूंनी गेलो असं वाटतं.

९ जून, मंगळवार

आली.

कढीला उकळी फुटत होती. मी लाकूड सारायला वाकलो, वाफ अंगावर आली आणि जिभेखाली पाणी आलं, न बोलावता. तसाच वाकून राहिलो. मग वरणाची घेतली. कमी आहे, हे कळलं. एक मूठ. अजून अर्धी. आता बराबर. पंगतीत मिठाचं भांडं एकदाच फिरलं.

आरतीच्या वेळी बंडू मागे राहिला तेव्हा मीही राहिलो, समोरच. त्याने तळव्यावर थेंब घेतला, चाटला, माझ्याकडे बघितलं आणि पळी ठेवली. मग आरतीला गेला.

पंगतीला बसलो. भात, वरण, भाजी, पुन्हा भात. घरी येऊन प्रेमाला विचारलं, आज काय करणार. तिने लगेच पीठ काढलं. भाकरी थापता थापता गुणगुणत होती.

रात्री उठून डबे उघडले. शेंगदाणे होते.

११ जून, गुरुवार, एकादशी

हे पूर्वीसारखं नाही. पूर्वी भूक लागायची. आता ती माझ्या आधी उठून बसलेली असते. सकाळी आंघोळ करताना भगरीचा विचार, भगर खाताना रताळ्याचा. रताळी देवासमोर ठेवायची होती, त्यातली दोन कमी निघाली. रुख्मिणीबाईंनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. देवापुढे ठेवायच्या आधीच खाल्ली होती का, हे मला नक्की आठवत नाही, असं लिहिणार होतो. आठवतं. उकडायच्या आधी, कच्ची.

अंगठ्याला पुन्हा ओल आली आहे. फडकं गुंडाळलं आणि चप्पल सैल केली.

प्रेमाने विचारलं, सुई घेतली ना रविवारी? घेतली म्हटलं. ती ताटाकडे बघत होती.

१२ जून, शुक्रवार

लाकडं रचताना बंडूला गाठलं. म्हटलं, तू माझ्या वरणात मीठ टाकत होतास.

"टाकत होतो," तो म्हणाला.

"काहून?"

"अळणी होतं म्हणून."

मला सांगायचं होतंस, असं म्हटलं. त्याने लाकूड खाली ठेवलं.

"काय सांगू? परसादाला नाव ठेवू? लोक ठेवत न्हाईत, मी ठेवू? बाया घरून पुडीत मीठ बांधून आणून राहिल्या होत्या, दादा. पानाआड धरून टाकत होत्या. कोणी तुला बोललं का?"

मी विचारलं, रुख्मिणीबाईंशी काय बोलत होतास. तो म्हणाला, त्या विचारत होत्या, अनिरुद्ध वाळत का चालला, काही दुखणं आहे का. बंडूने त्यांना सांगितलं की दादाचं अनुष्ठान चालू आहे, ते बोलून दाखवायचं नसतं. म्हणून मी आल्यावर दोघं गप्प. त्यांनी विश्वास ठेवला. तेव्हापासून त्या माझ्याकडे जरा आदराने बघतात, हे मला दिसत होतं आणि मी ते उपासाच्या खाती धरलं होतं.

तुला मठ नको का, असं सरळच विचारलं.

"मला वाफेतलं काय कळतं? मला वाफ गरम लागते." लाकूड पुन्हा उचलत म्हणाला, "मला तर भूक लागली का न्हाई तेबी कळत न्हाई. आई ताट करायची, म्हणून बसायचो. तू घास घ्यायचास ना, ते बघून मला वाटायचं, आपल्यात काय कमी हाय."

हे तो कधी बोलला नव्हता. एका ताटात बसून मी त्याच्याकडे बघत होतो आणि तो माझ्याकडे.

सुई बंद केल्याचं त्याला सांगितलं. तो म्हणाला, अंगठा दाखव. बरा आहे म्हटलं आणि पाय लाकडांमागे घेतला. त्याने ते पाहिलं. समाप्ती झाली की लगेच हिंगोली, एवढं वचन त्याने घेतलं.

१४ जून, रविवार

उद्या समाप्ती. आजही औषध मोरीत सोडलं. प्रेमाने या वेळी तोंड फिरवलं नव्हतं, असं मला नंतर वाटलं.

हरभऱ्याची डाळ निवडून ठेवली. गूळ फोडला. फोडताना तुकडे खाल्ले. ते अजून साहित्य होतं, नैवेद्य नव्हता. असं मी मनात तीनदा म्हटलं.

नाक एवढं तीक्ष्ण आहे की कोठीच्या दारातून तुपाची कोणती बरणी जुनी ते कळतं. उद्या मीठ चुकणार नाही. मला मिठाची भीती नाही.

उद्या नैवेद्य होईस्तोवर उपाशी राहायचं आहे. पहाटेपासून दुपारपर्यंत, त्या वासात.

१५ जून, सोमवार, अमावस्या

पहाटे आंघोळ करून सोवळं नेसलो. बंडूने चूल पेटवून दिली आणि तो बाहेरच्या कामाला लागला. आत मी एकटा. डाळ शिजली, कट काढला, आमटीला ठेवला. गूळ घालून पुरण चढवलं. गोडाचा वास भिंतींना लागला.

आमटीला मीठ घातलं, वाफ घेतली. तोंड भरून पाणी आलं. एवढं बराबर मीठ माझ्या हातून कधी पडलं नसेल. वडील असते तर खाटेवरून हात वर केला असता.

पुरण आटत आलं. उलथनं उभं राहतं का ते बघायचं होतं. राहिलं. तिथेच थांबायला हवं होतं. वेलची घातली, ढवळलं, वाफ आली आणि मला काही ऐकू येईना. पुजाऱ्याची घंटा, बाहेरचा गोंगाट, काही नाही. हात आत गेला होता. बोटं भाजली ती नंतर कळली. पहिला घास गिळला तेव्हा थांबता आलं असतं, असं लिहिलं तर खोटं होईल. दुसरा घेतला, तिसरा घेतला. उभ्या उभ्या, तोच हात पुन्हा पातेल्यात घालून.

मग बंडू दारात दिसला.

त्याने मागे वळून पाहिलं, कोणी आहे का. कोणी नव्हतं. दार ओढून घ्यायला हात लावला. त्याच्या मनात काय होतं ते मला दिसलं. तो गप्प राहिला असता. मीही राहिलो असतो तर नैवेद्य वेळेवर गेला असता, आमटीची वाहवा झाली असती आणि मठ माझ्याकडे राहिला असता. लोक परसादाला नाव ठेवत नाहीत.

हात धुतला नाही. तसाच बाहेर गेलो.

रुख्मिणीबाई सभामंडपात पानं मांडून घेत होत्या. बोटांना पुरण होतं. त्यांना म्हटलं, नैवेद्याचं पुरण मी खाल्लं. अनुष्ठान वगैरे काही नाही. आजार आहे, औषध बंद केलं होतं. बाया हातातली पानं धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, त्या आता नाव घेऊन केटररला बोलावतील.

त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

"कसं झालं होतं?" त्यांनी विचारलं.

"चांगलं झालं होतं."

"मग बंडूला सांग. तसंच करायला लाव."

मी उंबऱ्याबाहेर बसलो. बंडूने आंघोळ केली, माझं दुसरं सोवळं नेसला. त्याला ते दोनदा गुंडाळावं लागलं. डाळ पुन्हा शिजायला ठेवली. मी बाहेरून सांगत होतो, आता गूळ, आता आच कमी, आता थांब. वास माझ्यापर्यंत येत होता. गुडघे हातांनी धरून बसलो होतो. प्रेमा घरून आली आणि माझ्याशेजारी बसली. तिने अंबाडीची भाजी आणि भाकरी आणली होती. मी खाल्ली. तिने ताट लपवलं नाही.

नैवेद्याला बराच उशीर झाला. लेकरं रडत होती, लांबची काही माणसं न जेवता गेली. विश्वस्तांतले दोघे चिडून ओसरीवर बसले होते आणि पंगत उठेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. पहिलं पुरण भावसिंगच्या बैलांपुढे ठेवलं. अधिक महिन्यात लोक जावयाला गोड जेवू घालतात. तो बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "यंदा हेच जावई झाले, महाराज." काही जण हसले. मीही हसलो असेन.

आमटी कशी होती, हे कोणी सांगितलं नाही. मीठ बराबर होतं. ते मला ठाऊक आहे.

निघताना रुख्मिणीबाई म्हणाल्या, आमटी तुझी, पुरण त्याचं. रोजचं कोण करणार ते तुम्ही दोघं ठरवा, केटररचं मी बघते. वाटेत बंडूने तेच विचारलं. उद्या हिंगोली, एवढंच म्हटलं. घरी येऊन फडकं सोडलं तेव्हा प्रेमाने कंदिलासारखा मोबाईलचा उजेड धरला. अंगठ्याची कड काळी दिसते आहे. तिने सुईचं विचारलं नाही. म्हणाली, मोरीला औषधाचा वास येत होता.

१६ जून, मंगळवार

सकाळी पहिल्या एसटीने प्रेमाबरोबर हिंगोलीला गेलो. डॉक्टरबाईंनी जखम साफ केली, उद्या पुन्हा बोलावलं आहे. अंगठा राहील असं म्हणाल्या नाहीत, जाईल असंही म्हणाल्या नाहीत. सुई पुन्हा पहिल्यापासून, लहान मात्रेने सुरू केली. मी ती त्यांच्यासमोर घेतली. मठात चुलीपाशी आज बंडू होता.